भिंतीवरची मेंढरं

"मॅडम, आभाळ खाली सांडलंय," अधिक खाडे अंधारातून म्हणाला.

कुणी हसलं नाही. नववीची अकरा मुलं खिडकीकडे पाठ करून बसली होती आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर हळूहळू काहीतरी उमटत होतं. आधी तो नुसता उजेडाचा डाग होता. डोळे अंधाराला सरावले तसा डागाला रंग आला. खालच्या अर्ध्या भागात फिकट निळं आभाळ आणि त्यात दोन ढग. वर, छताला लागून, शाळेचं तांबूस मैदान. मैदानातला लिंब शेंडा खाली करून लोंबत होता. मैदानापलीकडची प्राथमिक शाळा आपल्या कौलांवर उभी होती.

"पानं हलत्यात," कुणीतरी कुजबुजलं.

"बाहेर वारा आहे," मी म्हणाले.

"म्हंजे ह्यो पिक्चर न्हाय?"

"नाही. बाहेर आत्ता जे चाललंय तेच आहे हे. फक्त उलटं."

तेवढ्यात खिचडी शिजवणाऱ्या इंदूमावशी डोक्यावर पातेलं घेऊन मैदानातून गेल्या. त्यांचे पाय छताकडे होते आणि पातेलं आभाळात बुडालेलं होतं. एक थेंबही न सांडता त्या भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. मग मात्र वर्ग खदखदून हसला.

"मावशीला सांगू नका रं," अधिक म्हणाला. "उद्यापासनं खिचडी मिळायची न्हाय."

खिडकीच्या पुठ्ठ्याला पाडलेलं भोक आठ मिलिमीटरचं होतं. त्याआधी मी दोन पुठ्ठे वाया घालवले होते. पाच मिलिमीटरला चित्र रेखीव यायचं पण दिसायचं नाही, बाराला उजळ यायचं पण कडा पुसट व्हायच्या. बाकीच्या फटी घोंगड्यांनी बुजवल्या होत्या, त्यामुळे खोलीभर लोकरीचा वास होता. सकाळचे साडेदहा झाले होते. सूर्य शाळेच्या मागे होता आणि पुढचं मैदान लख्ख उजळलेलं होतं. मी हे सगळं आदल्या रविवारी वहीत आकृती काढून ठरवलं होतं.

वैजंता दडस शेवटच्या बाकावर बसली होती. ही खटपट तिच्यासाठी होती. खरं सांगायचं तर तिला खोटं पाडण्यासाठी होती.

बी.एस्सी. फिजिक्स करून मी त्या जूनमध्ये माण तालुक्यातल्या पांढरमाळच्या शाळेत तासिका तत्त्वावर लागले होते. विज्ञान शिकवायला. पण चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाले होते, जागा रिकामी होती, आणि मुख्याध्यापक पिसाळ सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "आकृत्या काढता ना तुम्ही? भिंगाच्या, किरणांच्या? मग झालं की. चित्रकलाही तुमच्याकडेच."

मला चित्र काढता येत नव्हतं, पण नियम माझ्या पटकन लक्षात राहायचे. क्षितिजरेषा, लोपबिंदू, लांबची वस्तू लहान, मागची वस्तू पुढचीनं झाकलेली. कपाटात चित्रकलेच्या इतिहासाचं एक जाड पुस्तक सापडलं. त्यातले रंग उडाले होते. शनिवारी शेवटच्या तासाला मी त्यातलं एकेक पान उघडून वर्गात फिरवायचे. गुहेतले बैल, इजिप्तमधलं तळं, राजाची शिकार, मग युरोपातले लांबवर निमुळते होत गेलेले रस्ते. मी ते एखाद्या आलेखासारखं शिकवलं. आधी माणसाला येत नव्हतं, मग थोडं आलं, मग पूर्ण आलं.

त्या इजिप्तच्या चित्रात तळं वरून बघितल्यासारखं होतं आणि काठावरची झाडं चारी बाजूंना आडवी झोपली होती.

"यांना यथार्थदर्शन, म्हणजे जवळचं-लांबचं दिसतं तसं काढणं, माहीत नव्हतं," मी सांगितलं.

वैजंतानं हात वर केला. "कशावरनं?"

"काय कशावरून?"

"माहीत नव्हतं कशावरनं? त्यास्नी झाडं मोजायची आसतील."

वर्ग हसला. मीही हसले.

सप्टेंबरच्या शेवटी तालुक्याच्या गावी इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा होती. आमच्या शाळेतून अकरा मुलं बसणार होती. त्यात एक पेपर स्मरणचित्राचा असतो. दिलेला प्रसंग समोर काही न ठेवता, नुसत्या आठवणीनं काढायचा. सरावासाठी मी 'पाण्यावर आलेली जनावरं' असा विषय दिला. वैजंतानं मेंढरं काढली. मी मोजली, त्र्याऐंशी होती. कागदभर पसरलेली, जवळची आणि लांबची सारख्याच आकाराची, प्रत्येकाला चार पाय, दोन कान. एकही दुसऱ्याच्या आड नाही. ओढा मधूनच वरून खाली उभा गेला होता.

मी दहापैकी तीन गुण दिले आणि लाल पेन्सिलीनं खाली लिहिलं, 'मागचे मेंढरू पुढच्याने झाकले पाहिजे.'

तास संपल्यावर ती कागद घेऊन टेबलापाशी आली.

"मॅडम, झाकलं तर मोजायचं कसं?"

"चित्रात मोजायचं नसतं, वैजंता."

"मग काय करायचं आसतं?"

"दिसतं तसं काढायचं."

"मला समदी दिसत्यात."

"एका वेळी नाही दिसत. तू एका जागी उभी आहेस असं समज. पुढच्या मेंढराच्या मागे जे आहे ते तुला दिसणारच नाही."

"मागं काय हाय ते म्हाईत आसतंय की."

परीक्षकापुढे हे चालणार नव्हतं. पुढचे तीन आठवडे मी तिला झाकायला शिकवलं. पुढे पाच मेंढरं पूर्ण, त्यांच्यामागे नुसत्या पाठी, त्यांच्यामागे माना, मग लोकरीची एक खालीवर होत गेलेली रेघ आणि धूळ. तिचा हात चांगला होता. तिसऱ्या आठवड्यात तिनं काढलेलं चित्र पिसाळ सरांनी ऑफिसात लावायला मागून घेतलं. मी खूश होते. तिनं मात्र ते माझ्या हातात देताना विचारलं होतं, "पर ह्ये खरं कसं?"

म्हणून ही अंधारी खोली. मी तिला दाखवणार होते की झाकण्याचा नियम माझा नाही, परीक्षकाचा नाही आणि युरोपातल्या कुठल्या चित्रकाराचाही नाही. तो उजेडाचाच आहे. भिंतीवर कुणीही हात न लावता चित्र उमटेल आणि त्यात मागची वस्तू झाकलेलीच असेल. घोंगडी कुठून आणायची हा प्रश्न होता, तर ती आपल्या आत्याकडून, म्हणजे आक्काकडून, सहा घोंगडी डोक्यावर घेऊन आली. भोकाचा पुठ्ठाही तिनंच धरला. तिलाही उत्तर हवं होतं.

परीक्षा चार दिवसांवर आली होती. तिच्यापुरती ती नुसती परीक्षा नव्हती. तिचे वडील धुळा दडस मेंढपाळ. दर वर्षी दिवाळीनंतर चार-पाच कुटुंबं मेंढरं घेऊन एकत्र निघायची आणि घाट उतरून कोकणात जायची. अशा मिळून चालणाऱ्या कुटुंबांना ते वाडा म्हणतात. वाडा जूनमध्ये परत यायचा. मागच्या वर्षी वैजंता त्यांच्याबरोबर होती, आठवीत ती जेमतेम पाच महिने वर्गात बसली. या वर्षी वडिलांनी कबूल केलं होतं की तिला आक्काकडे ठेवू, परीक्षा देऊ दे, नववी पुरी करू दे. चित्रकलेची परीक्षा ही त्या कबुलीची पहिली खूण होती. ती दिली म्हणजे वाडा निघाला तरी ती राहणार, हे नक्की.

भिंतीच्या एका कडेला काहीतरी करडं हललं.

"आणखी ढग आले," कुणीतरी म्हणालं.

पण ते खालच्या आभाळात नव्हतं, वर मैदानाच्या बाजूला होतं. करड्या-काळ्या गोळ्यांची एक रांग छतालगत सरकत येत होती. मग त्या गोळ्यांना पाय दिसले, वर जाणारे, बारीक, भराभर हलणारे. आवाज भिंतीतून येत नव्हता, मागून, घोंगड्यांतून गाळून येत होता, लांबच्या घंटांसारखा. मेंढरं मैदानात शिरली आणि पसरली. सगळी खोली त्यांच्या हलण्यानं भरून गेली. मुलांच्या पांढऱ्या शर्टांवरसुद्धा एक करडी झाक फिरत होती. मला वाटलं, असा योग मी वहीत आखूनही आणू शकले नसते.

"वैजंता, बघ!" मी म्हणाले. "मागची दिसतात का? पुढच्यांनी झाकलीत ना? हे कुणी काढलंय? उजेडानं. आता सांग."



"उजेडाला राखायची नसत्यात, मॅडम," ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "ती आमची हायत."

"कशावरून?"

"फुडं चाललीया ती लंगडी बगा. आन मागं आबा."

मेंढरांमागून लाल पटका बांधलेला एक माणूस येत होता, पटका खाली, वहाणा वर. त्याच्यामागे घोडा. घोड्यावर वळकट्या, भांडी, एक खुराडं आणि सगळ्यावर एक बाई बसलेली. तिचा एक पाय जाड फडक्यात गुंडाळलेला होता. एवढं सामान घेऊन कुणी चारायला जात नाही. वर्गातल्या प्रत्येकाला ते कळलं.

"पण दिवाळी तर अजून—" मी म्हणाले.

"पाऊस न्हाय झाला," वैजंता म्हणाली. "गवात न्हाय."

भिंतीवरचा माणूस मेंढरांतून बाहेर पडला आणि आमच्याकडे चालत यायला लागला. तो जसा जवळ आला तसा मोठा होत गेला. वहाणा छतात शिरल्या, पटका जमिनीकडे उतरला. त्याचा चेहरा एका बाकाएवढा झाला, पुसट, उलटा आणि शांत. मग तो खिडकीपाशी पोचला आणि भिंत विझली.

दाराची कडी वाजली.

"रामराम बाई." घोंगडं बाजूला करून तो आत आला आणि थबकला. "आंदारात काय चालवलंय? लपाछपी?" त्यानं हातातल्या घोंगड्याची कड चिमटीत धरून चाचपली. "ह्ये तर आक्काचं."

"आबा, दार लावा," वैजंता म्हणाली. "उजेड येतोय."

त्यानं मुकाट्यानं घोंगडं सोडलं. भिंतीवर मैदान पुन्हा उगवलं. धुळा दडस आपल्या मेंढरांकडे बघत उभा राहिला. ती लिंबाखाली जमली होती, म्हणजे लिंबाच्या वर. घोडा शेपटी हलवत होता. त्याची बायको पाय सावरून बसत होती. तिला ठाऊक नव्हतं की कुणी बघतंय.

"उलटी का?" त्यानं शेवटी विचारलं.

मी सांगितलं. वरून निघालेला उजेड भोकातून सरळ खाली जातो, खालून निघालेला वर. तो ऐकत होता.

"आसं व्हय," तो म्हणाला. "चांगलं हाय. पर निम्मीबी दिसंनात."

दोघातिघांनी हसू दाबलं.

"बाई, पोरीला न्यायला आलोय," तो म्हणाला. "हिच्या आयचा पाय मोडलाय. वाडा आजच निगाला. बाकीची फुडं ओढ्याला गेल्यात."

"परीक्षा चार दिवसांवर आहे. तुम्ही तिला शब्द दिला होता."

"दिलता. तवा पाय धड हुता आन गवात हुतं."

"चार दिवस थांबता येणार नाही?"

"मी थांबीन. मेंढरं काय खाणार, तुमचे कागद?" तो रागावला नव्हता. "वाडा एकट्यासाठी थांबत न्हाय, बाई. आन कोकरं राखायला, घोड्यामागं चालायला एक पोर पायजेच. दोन पोरी हायत मला, दोन्ही साळंत घातल्यात. मानसं हसत्यात मला. म्हनत्यात, धुळ्या, मेंढरं काय मास्तर राखणार का?"

मी हे ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला, पण माझं लक्ष पुढच्या वाक्यावर होतं. त्याला पटेल असा एकच पुरावा माझ्याजवळ होता. मी पळत ऑफिसात जाऊन पिसाळ सरांच्या खुर्चीमागचं चित्र काढून आणलं आणि मोबाइलची बॅटरी लावून त्याच्यापुढे धरलं.

"हे तुमच्या मुलीनं काढलंय. तीन आठवड्यांत शिकली. असा हात माझ्या वर्गात दुसऱ्या कुणाचा नाही. तिला राहू द्या."

त्यानं चित्र दोन्ही हातांनी धरलं. पुढची पाच मेंढरं, पाठी, माना, लोकरीची रेघ, धूळ. तो वाकून बघत राहिला. मग कागदाच्या मागची बाजू उलटून पाहिली.

"बाकीची कुठंयत?"

"मागे आहेत. झाकली गेलीत."

"कशावरनं हायत?"

मी बॅटरी कागदाच्या आणखी जवळ नेली.

"लांडग्यानं न्हेली आसली तर?" तो म्हणाला. "पाच हायत ह्यात. पाच मेंढरांचा धनी रातभर झोपंल का?"

"तसं नाही, परीक्षेत—"

"परीक्षंत मेंढरं दडवाया शिकिवता व्हय?" आता तो हसत होता आणि वर्गही त्याच्याबरोबर हसला.

वैजंता उठली. तिनं आपल्या दप्तरातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि त्याच्या हातात दिला. तो त्र्याऐंशी मेंढरांचा कागद होता. मी बॅटरी धरून होते. त्याचं काळं, तडे गेलेलं बोट पहिल्या मेंढरावर टेकलं आणि सरकायला लागलं. तो पुटपुटत होता. लंगडी. भोरी. तिच्या पाठची. कानतुटकी. मला जी सगळी सारखी दिसली होती त्यांना तो नावानं ओळखत होता. एका जागी बोट थांबलं.

"ही कवाची?"

"आखाडातली," वैजंता म्हणाली. "तवा हुती."

"व्हय. तवा हुती." बोट पुढे गेलं. मधोमध उभ्या गेलेल्या ओढ्यापाशी त्यानं एकदा मान वर केली. "हितनंच उतरली हुती त्या दिशी." शेवटच्या मेंढरापर्यंत जाऊन त्यानं सुस्कारा टाकला, घरी पोचलेल्या माणसासारखा. मग त्याला खालचं लाल अक्षर दिसलं.

"ह्ये काय लिवलंय?"



"चूक आहे असं लिहिलंय," मी म्हणाले.

"कुनी?"

"मी."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. बॅटरीच्या उजेडात त्याचे डोळे बारीक झाले होते. माझं वय तेव्हा बावीस होतं आणि इतक्या सावकाश मला कुणी तपासलं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे हिला," तो म्हणाला. "तुमचंच शिकायचं ऱ्हायलंय अजून."

वर्गानं बाक वाजवले. त्यानं कागदाच्या होत्या तशा चार घड्या घातल्या आणि तो वैजंताला परत दिला. तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आक्काचं ऐकत जा," एवढंच म्हणाला. दारातून जाताना त्यानं घोंगडं आपल्यामागे नीट ओढून घेतलं, आत उजेड येऊ नये म्हणून.

"मॅडम," अधिक म्हणाला, "आता धापैकी किती?"

"गप रे." मी हसत होते. मी वैजंताच्या बाकापाशी गेले. "तुझं बरोबर होतं. मी ते लाल खोडून टाकते. पण परीक्षेत मात्र झाकायची हं. परीक्षेपुरती."

ती माझ्याकडे बघत नव्हती. ती भिंतीकडे बघत होती.

भिंतीवर धुळा दडस मैदानातून परत चालला होता, लहान लहान होत. मेंढरांपाशी तो थांबला नाही. घोड्यापाशी थांबला, घोड्यावरच्या बाईशी काही बोलला. तिनं तोंडावर पदर घेतला. मग तो मैदान ओलांडून पलीकडे गेला, कौलांवर उभ्या असलेल्या प्राथमिक शाळेकडे, आणि तिच्या दाराच्या काळ्या चौकोनात शिरला.

"तिकडं कशाला गेला?" कुणीतरी विचारलं.

मेंढरं आता चरत नव्हती, तोंडं एका दिशेला करून उभी होती. लिंबाची सावली त्यांच्यावरून हलत होती. ढग खालून जात होते. माझ्या आयुष्यात मी इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं, आणि हे मी आजही, अकरा वर्षांनी, पुण्यात भिंगं तपासण्याच्या प्रयोगशाळेत रोज पडद्यावर उलट्या प्रतिमा बघत असताना म्हणू शकते.

काळ्या चौकोनातून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हाताला एक मूल होतं. फार लहान. भिंतीवर ते माझ्या हाताच्या पंज्याएवढं होतं. पाठीला दप्तर, दोन वेण्या खाली लोंबलेल्या.

"तानी," वैजंता म्हणाली.

तिची बहीण. दुसरीतली. 'एक पोर पायजेच', आत्ता मला त्याचं वाक्य पूर्ण ऐकू आलं.

वैजंता उठली. तिनं कंपासपेटी बंद केली. रंगाच्या बाटल्या एका रांगेत लावून अधिकच्या पुढ्यात सरकवल्या. दप्तर घेतलं नाही. ती दारापर्यंत गेली, घोंगड्याची कड अगदी थोडी उचलली आणि अंग चोरून बाहेर पडली. चित्राला धक्कासुद्धा लागला नाही.

मी तिला थांबवू शकले असते. दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. मी बाहेर जाऊन त्या माणसाशी बोलू शकले असते, पिसाळ सरांना बोलावू शकले असते, काहीही करू शकले असते. मी भिंतीकडे बघत उभी राहिले. बाकीची दहा मुलंही.

छताजवळून दोन पाय आले, भिंतीत उतरले आणि वैजंता दिसली, पाठमोरी, पळत लहान होत जाणारी. ती त्या दोघांपाशी पोचली. तिघंही उभे राहिले. कोण काय बोललं ते कळायला मार्ग नव्हता. वडिलांचा हात एकदा आमच्या बाजूला उठला आणि खाली आला. वैजंतानं मान हलवली. पुन्हा हलवली. मग ती धाकटीपुढे वाकली, किती तरी वेळ वाकून राहिली. तिचं तोंड त्या दोन वेण्यांमध्ये होतं. सरळ झाली तेव्हा तिनं बहिणीला दोन्ही खांद्यांना धरून आमच्याकडे वळवलं.

मेंढरं हलली. आधी लंगडी, मग सगळी. वैजंता घोड्याच्या मागे गेली आणि चालायला लागली. मी ती मेंढरं मोजायचा प्रयत्न केला. एकामागे एक झाकत होती, पुन्हा निघत होती, तेविसापर्यंत गेले आणि चुकले. भिंतीच्या कडेला पोचलं की एकेक मेंढरू नाहीसं होत होतं. शेवटी घोडा नाहीसा झाला आणि त्याच्यामागून ती. मैदान रिकामं झालं, धूळ मात्र बराच वेळ खाली, आभाळाच्या बाजूला, जात राहिली.

ते छोटं मूल आमच्याकडे चालत येत होतं. मधेच थांबत होतं, मागे बघत होतं, पुन्हा चालत होतं. हळूहळू मोठं होत त्यानं अर्धी भिंत व्यापली.

मग दारावरचं घोंगडं पुरतं बाजूला झालं. खोलीत भसकन ऊन आलं आणि समोर नुसती चुन्याची भिंत राहिली.

दारात तानी उभी होती. नाक लाल झालेलं, पण रडत नव्हती.

"ताई म्हनली, माज्या जागंवर बस."

मुलं माझ्याकडे बघायला लागली. अधिक शेवटच्या बाकापर्यंत गेला आणि त्यानं वैजंताचं दप्तर थोडं सरकवलं. तानी बाकावर चढून बसली. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.

तिनं दप्तरातून पाटी काढली आणि मी काय शिकवते त्याची वाट बघू लागली.